डिकीत पडून ऐकताना

आधी डिकी रिकामी करायची, हा इथेलचा नेम.
जॅक, पाना, डॉक्टरांची छत्री,
कुठल्याशा समुद्रावरची मूठभर वाळू.
सुटी वस्तू खोटी साक्ष देते, म्हणायचा.
मग मी आत. सतरा वर्षांची, गुडघे पोटाशी,
डावा कान पत्र्याला.

पेनरी दातांचे डॉक्टर. बासष्ट सालची हिरवी ट्रायम्फ,
तारांची चाकं, आणि तक्रार एका शब्दाची: रडते.
कधी?
नेहमी.
इथेलने हात पुसले.
"तुमच्या पेशंटला नेहमीच दुखतं?
की गार पाणी लागल्यावर?"
डॉक्टरांनी टायर बदलून झाले होते, शाफ्टचे सांधे, सायलेन्सरसुद्धा.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खूण ठरलेली: कण्हली तर एक टकटक,
घरघरली तर दोन.
ठोका पडला तर काही नको, तो मलाही कळतो.
आणि निघालो कोरिसच्या चढाला,
दोन्ही अंगांना पाटीच्या दगडाचे काळे ढीग,
जे मला दिसत नव्हते, पण भिंत जवळ आली की
आवाज अंगावर परतून यायचा.

पस्तीस. काही नाही.
चाळीसला ओल्या बोटाने पेल्याची कड घासावी
तशी एक बारीक रेघ पत्र्यातून निघाली
आणि माझ्या दाढांत शिरली.
मी टकटक केली.
त्याने पाय उचलला, रेघ पुसली गेली.
पुन्हा दाबला, पुन्हा ती.
"कण्हतेय?" तो ओरडला.
टक.
"आत्ता? कण्हतेय?"
टक.
कार नुसती किंचाळत होती,
आणि तो पुन्हा विचारत होता.

तेव्हा, तेलाच्या वासात, अंधारात, मला उमगलं.
वीस वर्षं तो खाणीत ड्रिलमागे उभा होता.
वरचे सूर तिथेच राहिले, डोंगराच्या पोटात.
आणि मी समजत होते,
अंगाने बारीक आहे म्हणून मला कामावर ठेवलंय.

वर पोचल्यावर त्याने डिकी उघडली.
"पाय दाबला की कण्हते," मी म्हटलं, "चाळिसाच्या पुढे.
सोडला की गप्प."
मान हलवली. मग तळवा माझ्यापुढे धरला,
जणू तिथे काही लिहिलंय.
"उजव्या वळणावर घरघरते. ती मला इथे लागली.
भार डावीकडे जातो. डावी बेअरिंग."
दोन टकटक मी केल्याच नव्हत्या.
माझ्या कानातून ती निसटली होती.

तेल काढलं, तर त्यात चांदीचा चुरा.
घर उघडून इथेलने दातांना निळा रंग फासला,
चाक हाताने फिरवलं,
आणि कुठे पुसला गेलाय ते बघत बसला.
पेनरी वाकले. चष्मा वर केला.
"हे आम्हीही करतो. निळा कागद देतो चावायला.
उंच दात लगेच सापडतो."
"मग तुम्हीच सांगा," इथेल म्हणाला.
आणि त्या माणसाने, इस्त्रीच्या पँटमध्ये, मातीत गुडघे टेकून,
पिनियनचा चावा वाचला:
टोकाकडे पडतोय. आत घ्यायला हवा.
एका पत्र्याच्या चकतीचं काम. बोटाच्या नखाहून पातळ.

नंतरच्या फेरीला मी पुन्हा डिकीत.
चाळीस. पंचेचाळीस. पन्नास.
रस्त्याची सळसळ, कुठे खडा उडाला तेवढाच.
"कण्हतेय?"
मी हात मांडीखाली दाबून ठेवले.
तो थांबला नाही. पुढचा फाटा गेला, तळं गेलं,
मैलभर तो चालवत राहिला
माझं न वाजवणं ऐकत.

महिन्याने पेनरी परत.
मागे आता शांत आहे, ते म्हणाले,
म्हणून पुढचं ऐकू यायला लागलंय. काहीतरी टिकटिकतं.
इथेलने माझ्याकडे पाहिलं.
मी केस बांधायला घेतले.